जुन्या गाडीत दुसरं इंजिन, गिअरबॉक्स आणि डॅशबोर्ड: सुरुवात कुठून करायची?

तुमच्याकडे ऐंशीच्या दशकातली सेडान आहे. मागच्या चाकांवर चालणारी, कार्ब्युरेटरचं चार सिलिंडर इंजिन, चार गिअर. इंजिन ऑइल खातंय, डॅशबोर्ड उन्हानं तडकलाय. त्याच कंपनीची नव्वदीतली एक गाडी तुम्हाला मिळतेय. तिचा पत्रा सडलाय, पण इंजेक्शनचं इंजिन, पाच गिअरचा बॉक्स आणि आरपीएम मीटरवाला डॅशबोर्ड शाबूत आहे. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, तेव्हा सगळं थेट बसेल का आणि आधी काय काढू, असं तुम्ही विचारलंय.

इंजिन बसेल. ही अदलाबदल मी बरीच वर्षं करतोय आणि इंजिन बसलंच नाही म्हणून पडून राहिलेली गाडी क्वचितच पाहिली. पडून राहिलेल्या गाड्या पाहिल्या त्या वेगळ्या: इंजिन जागेवर, बॉक्स जागेवर आणि डॅशबोर्डच्या जागी लोंबणाऱ्या तारांचा गुंता. इंजिन शनिवारी बसतं, गाडी दोन महिन्यांनी चालते. मधले दोन महिने वायरिंगचे. म्हणून ‘बसेल का’ हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. नव्या इंजिनाला त्याचा कॉम्प्युटर लागतो, म्हणजे ईसीयू. जुन्या गाडीला तिची मीटरं आणि तिची फ्यूजपेटी. या दोघांची गाठ कुठे घालायची, हे कागदावर ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

पुढचं बरंच काही त्या दुसऱ्या गाडीवर अवलंबून आहे. ती चालू होते का? होत असेल तर खोलण्याआधी चालवून बघा, निदान जागेवर पूर्ण गरम होईपर्यंत चालू ठेवा. ज्या इंजिनाचा आवाज आपण ऐकला आहे, ते नंतर चालू झालं नाही तर चूक आपल्या जोडणीत आहे एवढं तरी पक्कं कळतं. नाहीतर पंप, सेन्सर, वायरिंग, ईसीयू या सगळ्यांवर एकदम संशय घेत बसावं लागतं. शक्य असेल तर गाडी अख्खीच घ्या. नुसतं इंजिन स्वस्त वाटतं, पण मग एकेक ब्रॅकेट, एकेक कपलर (तारा जोडणारा प्लग), एअर फिल्टरपासूनचा पाइप असं शोधत हिंडावं लागतं आणि त्यातच सगळी बचत जाते.

दुसरं म्हणजे तिचं साल. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला आणि त्याच्या आधीही काही वर्षं बऱ्याच गाड्यांत तो येऊ लागला होता. असल्या गाडीत किल्ली, किल्लीभोवतीची रिंग, ईसीयू आणि काही ठिकाणी मीटरसुद्धा एकमेकांना ओळखून असतात. चौघांपैकी एक जरी मागे राहिला तरी इंजिन चालूच होत नाही किंवा सेकंदभर चालून बंद पडतं. किल्लीसकट सगळा संच मिळत असेल तरच ती गाडी घ्या.

आता लोखंडाकडे. एकाच घराण्यातलं इंजिन म्हणजे माउंटिंगची भोकं बहुधा जुळतात. जुळत नाही ते बाकीचं. ऑइल चेंबरचा खोलगट भाग एका इंजिनाला पुढे तर दुसऱ्याला मागे असतो आणि तो नेमका क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर) किंवा स्टिअरिंगच्या दांडीवर बसतो. इंजेक्शनचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइपांचा जोड, कार्ब्युरेटरपेक्षा रुंद असतो. बीएमडब्ल्यूच्या ई-३० मध्ये पुढच्या पिढीचं एम-५० इंजिन बसवणाऱ्यांना विचारा, इंजिन उतरतं छान आणि मॅनिफोल्ड जाऊन ब्रेकच्या बूस्टरला टेकतो. तुमच्या जुन्या इंजिनाचा ऑइल चेंबर नव्याला बसत असेल तर तोच वापरा, मात्र ऑइल पंपाची जाळीसुद्धा जुनीच घ्या. चेंबर एकाचा आणि जाळी दुसऱ्याची अशी जोडी झाली तर जाळी तळाला तरी टेकते, नाहीतर तेलाच्या वर तरी राहते. दोन्हीत इंजिन जातं.

गिअरबॉक्सबद्दल माझा सल्ला सरळ आहे: इंजिन आणि बॉक्स जोडीनंच आणा. ‘बेल हाउसिंगचे (इंजिनाला टेकणाऱ्या बॉक्सच्या तोंडाचे) बोल्ट जुळतात’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. शेवरलेटचं स्मॉल ब्लॉक नावाचं जुनं इंजिन १९५५ चं, आणि त्याच्या जागी आलेलं एलएस इंजिनांचं घराणं १९९७ मध्ये आलं. दोघांची बोल्टची भोकं जवळजवळ सारखी आहेत. पण बहुतेक एलएस इंजिनांत क्रँकचं मागचं टोक जुन्यापेक्षा सुमारे १० मि.मी. आत राहतं. जुना ऑटोमॅटिक बॉक्स लावायचा तर मध्ये स्पेसर लागतो. बोल्ट सगळे बसले, तरी आत काय जुळलं नाही ते बाहेरून दिसतच नाही.

तरीही बॉक्स वेगळा लावायची वेळ आलीच तर या गोष्टी हातात धरून मोजा: इनपुट शाफ्टच्या (बॉक्समध्ये फिरणं आणणाऱ्या दांडीच्या) स्प्लाइनचे, म्हणजे उभ्या खाचांचे दात आणि जाडी, शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगमध्ये किती आत जातं, फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या मागच्या टोकाच्या जड चकतीच्या) रिंगचे दात आणि स्टार्टरची जागा. फ्लायव्हील बदलताना त्याचा बॅलन्सही बघा. काही इंजिनांचा तोल फ्लायव्हीलवर मुद्दाम ठेवलेल्या वजनावर असतो, शेवरलेटचं ४०० स्मॉल ब्लॉक त्यातलंच. तिथे सरळ बॅलन्सचं फ्लायव्हील लावलं तर अख्खी गाडी थरथरते. बॉक्स ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागचा तेलभरला डबा) आधी बॉक्समध्ये पूर्ण आत बसवा, तो दोन-तीन टप्प्यांत ‘खट’ करत आत जातो. बॉक्स इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हातानं फिरला पाहिजे. फिरत नसेल आणि तुम्ही बोल्ट आवळत गेलात, तर बॉक्सचा पंप तुटणार.

पाच गिअरचा बॉक्स सहसा लांब असतो. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारी फिरती दांडी, कापून, बॅलन्स करून घ्यावा लागेल. गाडी चाकांवर उभी असताना माप घ्या, जॅकवर लटकलेल्या अ‍ॅक्सलचं माप खोटं येतं. शाफ्टच्या टोकाच्या सरकणाऱ्या योकला दोन्हीकडे खेळ ठेवा, मी साधारण २० ते २५ मि.मी. ठेवतो. पाचव्या गिअरचा फायदा मात्र खरा आहे. १७५/७० आर १३ टायर आणि ४.३ चा डिफरन्शिअल (शाफ्टच्या ४.३ फेऱ्यांना चाकाची एक) धरला तर ताशी ८० किमीला चौथ्या, म्हणजे थेट गिअरमध्ये इंजिन साधारण ३,१७० आरपीएमला फिरतं. पाचवा ०.८५ चा असेल तर तेच २,७०० वर येतं.

आता मूळ मुद्दा, वायरिंग. दोन्ही गाड्यांच्या तारा बघून लोक घाबरतात आणि मग एकतर जुनं सगळं उपटून नवं घालतात, नाहीतर दोन्हीकडून कापून तारेला तार जोडत बसतात. दोन्ही नको. जुन्या गाडीचं दिवे, वायपर, हॉर्न, इंडिकेटरचं वायरिंग जसंच्या तसं राहू द्या. नव्या इंजिनाचं वायरिंग ईसीयूसकट, एकही तार न कापता, अख्खं काढा. मग सर्किटचा नकाशा समोर ठेवून बघा, या दोघांना एकमेकांची गरज किती ठिकाणी आहे. कायमचा करंट, किल्लीचा करंट, स्टार्टरचा संकेत, अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाची जोडणी), पेट्रोल पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच), रेडिएटरचा पंखा, चेक इंजिनचा दिवा, आरपीएमची तार, वेगाची तार. नऊ-दहा तारा. बाकी शंभर-सव्वाशे तारा इंजिनाच्या इंजिनात फिरतात, त्यांच्याशी आपलं काही घेणं नाही. या दहा तारा एका कपलरवर आणा आणि तो कपलर हात पोचेल अशा जागी ठेवा. पुढे काही बिघडलं तर शोध तिथूनच सुरू होतो.

यातल्या दोन तारांवर हमखास चूक होते. किल्लीचा करंट अशा जागेवरून घ्या जिथे स्टार्टर फिरतानाही तो चालू राहतो. रेडिओ-पंख्याचा करंट स्टार्टर मारताना तुटतो. तिथून घेतला तर इंजिन फिरत राहतं, चालू होत नाही, आणि किल्ली सोडताना एखादा धक्का देऊन क्वचित चालू होतं. हे लक्षण दिसलं की मी बाकी काही न बघता तीच तार बघतो. दुसरी पंपाची. पंपाला थेट किल्लीवरून करंट देऊ नका, ईसीयूच्या रिलेवरूनच द्या. अपघातात इंजिन बंद पडलं की ईसीयू पंप बंद करतो. थेट जोडलेला पंप फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो.

अर्थची जाड पट्टी विसरू नका. इंजिन रबरावर बसलेलं असतं. पट्टी नसेल तर स्टार्टरचा सगळा करंट अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो. ती केबल हाताला चटका बसेल इतकी तापलेली मी पाहिली आहे. आणि खुणा: प्रत्येक कपलरला कागदी टेपचं शेपूट लावा, त्यावर लिहा आणि वर पारदर्शक टेप चिकटवा. नुसत्या पेननं लिहिलेलं तेलाचा हात लागला की पुसतं. हे मी एका इंजिनाच्या सतरा कोऱ्या शेपट्या समोर घेऊन शिकलो.

डॅशबोर्डचा अख्खा सांगाडा बदलायच्या मी विरोधात आहे, निदान तुमच्या बाबतीत. दोन्ही गाड्यांची बॉडी एकाच पिढीची असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सांगाडा तासाभरात बसतो. पण दहा वर्षांचं अंतर म्हणजे समोरच्या काचेची कमान वेगळी, दोन्ही खांबांवरचे बोल्ट वेगळे, मागचा हीटरचा डबा वेगळा, स्टिअरिंग कॉलम धरणारं ब्रॅकेट वेगळं. कडेला बोटभर फट राहते आणि ती कशानंही भरली तरी दिसते. शिवाय नव्वदीतल्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असू शकते. ती जुन्या गाडीत नेऊ नका. तिचे सेन्सर कुठे आणि कोणत्या ताकदीच्या पत्र्यावर बसवायचे हे कंपनीनं गाड्या आपटून ठरवलेलं असतं, आपण अंदाजानं ठरवू शकत नाही. काढतानाही बॅटरी सोडून त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, एअरबॅगच्या तारांना मल्टिमीटर लावू नका आणि ती उघडणारी बाजू वर करूनच ठेवा. तडकलेला जुना डॅशबोर्ड वरून नवं आवरण चढवून नीट होतो, त्याचे कारागीर असतात.

राहिलं मीटर. नव्या गाडीचं मीटर जुन्या डॅशबोर्डच्या खाचेत बसवायचा मोह होतो, आरपीएमसाठी. माझा कल जुनं मीटर ठेवून आरपीएमचं वेगळं लावण्याकडे असतो, कारण प्रत्येक काटा कुठल्यातरी सेंडरशी, म्हणजे त्याला माप पाठवणाऱ्या सेन्सरशी, जोडीनं बनवलेला असतो. जुन्या अमेरिकन गाड्यांचं उदाहरण घ्या. जनरल मोटर्सच्या टाकीतला सेंडर रिकाम्याला ० आणि भरलेल्याला ९० ओहम दाखवतो. फोर्डचा रिकाम्याला ७३ आणि भरलेल्याला १०. एकाचं मीटर दुसऱ्याच्या टाकीला लावलं तर पेट्रोल भरून आलात की काटा रिकामं सांगतो. तुमची टाकी जुनीच राहणार, म्हणून पेट्रोलचा काटाही जुनाच बरा.

तापमानाच्या काट्याचंही तसंच. नव्या इंजिनाचा सेंडर आणि जुना काटा अशी जोडी लावली तर इंजिन उकळत असतानाही काटा निवांत मधे दिसू शकतो. जुन्या इंजिनाचा सेंडर काढून नव्याच्या हेडमध्ये एखाद्या बंद भोकात बसतो का बघा. आटे जुळत नसतील तर अ‍ॅडॉप्टर लावा. ईसीयूचा स्वतःचा सेन्सर वेगळा असतो, त्याच्या तारेतून काट्यासाठी फांदी काढू नका, दोन्ही चुकीचं दाखवतील. सेंडर रबरी पाइपातल्या जोडात बसवलात तर त्याला अर्थची वेगळी तार द्या, कारण एका तारेच्या सेंडरचा अर्थ त्याच्या आट्यांतूनच जातो. मी बसवण्याआधी सेंडर तार लावून पातेल्यातल्या पाण्यात लटकवतो, शेजारी थर्मामीटर ठेवतो आणि पाणी तापवत काटा कुठे जातो ते काचेवर पेन्सिलनं टिपून ठेवतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

आरपीएमचं वेगळं मीटर घेताना इग्निशन बघा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीला दोन ठिणग्या पडतात आणि मीटर तेच मोजतं. पण नव्या इंजिनाला डिस्ट्रिब्युटर (एका कॉइलची ठिणगी सगळ्या सिलिंडरांना वाटणारा भाग) नसून दोन कॉइल असतील, तर प्रत्येक कॉइल फेरीला एकदाच पेटते. एका कॉइलवरून तार घेतली की मीटर निम्मं दाखवतं. ईसीयूच्या आरपीएम तारेवरून घ्या, मात्र तिचा संकेत १२ व्होल्टच्या आतबाहेरचा असतो आणि जुन्या मीटरला कॉइलचा दोन-तीनशे व्होल्टचा झटका लागतो. म्हणून ईसीयूच्या संकेतावर चालणारं मीटर घ्या.

एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिनं मला आठवडाभर छळलं होतं. एका गाडीला मी वरच्या मॉडेलचं मीटर बसवून दिलं. तीन दिवसांनी मालक बॅटरी उतरली म्हणून परत. माझ्याकडे तपासलं तर चार्जिंग उत्तम. गाडी दिली, पुन्हा परत. अल्टरनेटर बदलला, तरी तेच. शेवटी मालकाच्या शेजारी बसून फिरलो तेव्हा कळलं, ते फार सावकाश चालवतात, २,००० च्या वर इंजिन जाऊच देत नाहीत. मी मात्र तपासताना दरवेळी रेस द्यायचो. जुन्या अल्टरनेटरला जागं व्हायला लागणारा पहिला करंट मीटरमधल्या बॅटरीच्या लाल दिव्यातून जातो. त्या मीटरमधला तो बल्ब गेलेला होता. जोरात फिरवला की अल्टरनेटर त्याच्यातल्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर उठायचा, सावकाश चालवला की झोपलेलाच. तेव्हापासून मीटर कुठलंही असो, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद असताना तो लाल दिवा लागतो का, हे मी आधी बघतो. तिथे एलईडी लावू नका, त्यातून पुरेसा करंट जात नाही. मीटरमध्ये दिवा ठेवायचाच नसेल तर त्या तारेत योग्य रेझिस्टर घाला.

स्पीडोमीटरचं गणित असं. जुनं मीटर केबलवर फिरतं, नव्या बॉक्सला बहुधा तारेचा सेन्सर असतो. जपानी बनावटीच्या पुष्कळ गाड्यांत केबल एका किलोमीटरला ६३७ फेऱ्या घेते आणि सेन्सर दर फेरीला ४ पल्स देतो, म्हणजे किलोमीटरला २,५४८. बऱ्याच अमेरिकन गाड्यांत मैलाला १,००० फेऱ्या. एकाच घराण्यातल्या बॉक्समध्ये सेन्सर काढून त्या भोकात केबलचा दाता बसतो, असं अनेकदा घडतं. पण इंजेक्शनच्या ईसीयूलाही वेग कळायला हवा असतो, नाहीतर सिग्नलला थांबताना इंजिन गचके खातं किंवा बंद पडतं. त्यासाठी बॉक्स आणि केबलच्या मध्ये आट्यांनी बसणारे सेन्सर मिळतात, केबलही फिरते आणि पल्सही जातात. मागचा अ‍ॅक्सल तुमचाच राहणार, हेही लक्षात घ्या. नव्या गाडीचा डिफरन्शिअल ३.९ चा आणि तुमचा ४.३ चा असेल तर त्याच अंतराला प्रोपेलर शाफ्ट दहा टक्के जास्त फिरेल आणि १०० च्या वेगाला काटा ११० दाखवेल. बॉक्समधला स्पीडोचा छोटा प्लास्टिकचा दाता बदलून हे दुरुस्त होतं. मीटर बदललंच तर जुन्या आणि नव्या दोन्हींचे किलोमीटर तारखेसह लिहून, फोटो काढून कागदपत्रांत ठेवा. पुढे गाडी विकताना खोटेपणाचा संशय नको.

इंधनाचं थोडक्यात. कार्ब्युरेटरचा पंप ०.२ ते ०.३ बारवर काम करतो, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतात. जुने रबरी पाइप आणि साध्या क्लिपा त्या दाबाला टिकत नाहीत, सगळे बदला. टाकीकडे परतीची लाइन लागेल. जुन्या टाकीत आडपडदे नसतात, त्यामुळे पाव टाकीवर वळण घेतलं की पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरमधल्या वाटीभर पेट्रोलवर इंजिन ते निभावून नेई, इंजेक्शन निभावत नाही. मध्ये छोटी साठवण टाकी लावावी लागेल. ब्रेक आणि रेडिएटर नव्या इंजिनाच्या ताकदीचे आहेत का, हेही बघून घ्या. इंजिन नंबर बदलल्यावर नोंदणीचं काय करावं लागतं, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. ते खोलण्याआधी विचारून घ्या, नंतर नाही.

तर क्रम: दुसरी गाडी चालवून बघा, सर्किटचे दोन्ही नकाशे मिळवा, दहा तारांची यादी करा. मग तिचं वायरिंग अख्खं काढा, मग इंजिन आणि बॉक्स जोडीनं. जुन्या गाडीत बसवण्याआधी मी ते जमिनीवरच, लाकडी ठोकळ्यांवर बांधून, रेडिएटर आणि कॅनमधलं पेट्रोल जोडून चालू करतो. आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवून, आणि बाहेर मोकळ्या हवेत.

तुमच्याकडून दोन गोष्टी कळवा. नव्या गाडीच्या किल्लीच्या मुठीत चिप आहे का, आणि तुमच्या जुन्या स्पीडोमीटरच्या डायलवर खाली बारीक अक्षरात काही आकडा छापलाय का. नसेल तर केबल मीटरच्या बाजूनं सोडा, टोकाला कागदी टेपचं शेपूट लावा, गाडी सपाट जागेवर मोजून १० मीटर ढकला आणि शेपटीच्या फेऱ्या मोजा. ६.४ च्या आसपास आल्या तर ६३७ चं घराणं.